ओले खोगीर

मराठी भाषेने खोगिरावर मोठा अन्याय केला आहे, असे माझे अलीकडे मत झाले आहे. एखाद्या ग्रंथात अनावश्यक मजकूर कोंबलेला असला की टीकाकार त्याला खोगीरभरती म्हणतात. एखाद्या मंडळावर बिनकामाची माणसे नेमली गेली की वर्तमानपत्रेही हाच शब्द योजतात. मी स्वतः गेली तीस वर्षे इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात हा शब्द मी तांबड्या शाईने किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. (महाविद्यालयाच्या मूल्यमापनासाठी आम्ही प्राध्यापक मंडळी जे जाडजूड अहवाल सिद्ध करतो, त्यांच्या समासात तो लिहिण्याची सोय नसते, ही गोष्ट निराळी.) परंतु ज्या भरतीला आपण इतके हिणवतो ती खोगिरात मुळी घालतात कशाला, ती नसली तर काय होते आणि ती ओली राहिली तर काय होते, याचा विचार मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत केला नव्हता. केला नव्हता असे म्हणणेही तितकेसे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मला ते लहानपणी ठाऊक होते, आणि पुढे मी ते प्रयत्नपूर्वक विसरलो.

शब्द फारसी आहे. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम धरून ठेवणारे, टिपून घेणारे ते खोगीर. शब्दाच्या पोटातच त्याचे काम सांगितलेले आहे, आणि ते काम शोभेचे नाही. जीन, रिकीब, लगाम, जरीची झूल हे सारे पाहणाऱ्यासाठी असते. खोगीर मात्र घोड्याच्या पाठीसाठी असते. स्वाराचा भार आणि मुक्या जनावराची कातडी यांच्यामध्ये कोणी तरी दबून राहावे लागते. ते दबून राहणे, घासले जाणे आणि घामाने चिंब होणे हे त्याच्या वाट्याला येते, आणि वर भाषेने त्याला निरर्थकपणाचे प्रतीक करून ठेवले आहे. असो.

मी राहतो तो भाग मुकुंदवाडीचा. २०२३ साली ज्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, त्याच्या पूर्वेला जालना रस्त्यालगत हे एके काळचे स्वतंत्र खेडे. १९७० च्या दशकात सिडकोने या बाजूला नवे नगर आखण्यास आरंभ केला आणि बघता बघता शेतांच्या जागी चौकोनी भूखंड व त्यांवर आमच्यासारख्यांची चौकोनी घरे उभी राहिली. मुकुंदवाडी नावाचे लहानसे रेल्वेस्थानकही आहे. डोक्यावरून चिकलठाण्याच्या तळावर उतरणारी विमाने जातात. परंतु जुन्या गावठाणाच्या गल्ल्यांत अजून गोठे आहेत, उकिरडे आहेत, पहाटे आरवणारे कोंबडे आहेत. माझ्या घराची मागची भिंत ही या दोन जगांमधली सीमा आहे. भिंतीच्या अलीकडे माझी तुळस, कपडे धुण्याचे यंत्र आणि इंग्रजी पुस्तकांची दोन कपाटे. पलीकडे एक मोठा निंब, निंबाखाली पत्र्याची पागा आणि पागेत एक पांढरी घोडी.

घोडीचे मालक साठीच्या घरातले. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. लग्नाच्या वरातीसाठी घोडी देणे हा त्यांचा धंदा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून त्यांनी ही घोडी आणली, आणि तिच्याबरोबर मेंढीची दोन केसाळ कातडीही आणली. घोडीच्या पाठीवर आधी कातडे, लोकरीची बाजू खाली. त्यावर नमद्याची गादी. त्यावर रुपेरी कलाकुसरीचे जड खोगीर. आणि सर्वांवर नवरदेव, त्याच्यापुढे बहुधा एखादा लहान मुलगा. वैशाखातल्या उन्हात, कानठळ्या बसवणाऱ्या वाद्यांच्या पुढे, तीन तास पावलापावलाने चालायचे. घोडा हा माणसासारखाच सर्वांगाने घामेजणारा प्राणी आहे. त्याच्या घामात साबणासारखा फेस आणणारे एक प्रथिन असते. त्यामुळे घाम दाट केसांतून झटकन पसरतो आणि अंग लवकर निवते. तंगाच्या पट्ट्याखाली जो पांढरा फेस दिसतो तो त्याचाच. तो फेस, ते मीठ, गळालेले केस आणि रस्त्याची धूळ हे सर्व मेंढीच्या लोकरीत जाऊन बसते. लोकर मोठी सोशीक. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा ती पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पण जे पोटात घेतले ते कधी तरी बाहेर टाकावे लागते.

मामा ते बाहेर टाकण्यासाठी दोन्ही कातडी रोज सकाळी आमच्या सामाईक भिंतीवर, उन्हात पसरीत असत. पलीकडे निंबाची दाट सावली. पागेच्या आसपास ऊन येई ते एवढ्या भिंतीवरच.

गेल्या फाल्गुनात आमच्याकडे काही पाहुणी मंडळी यायची होती. मुलीच्या लग्नाची बोलणी होती, म्हणजे प्रसंग नाजूक होता. मागच्या पडवीत बसण्याची व्यवस्था केली होती, आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक भिंतीवरून आली. ज्याने घोड्याचे ओले खोगीर कधी हुंगलेले नाही त्याला तो वास शब्दांनी कळवणे कठीण आहे. त्यात पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास असतो, गोठ्यातील मुताचा उग्रपणा असतो, आणि तळाशी काहीसा गोडसर, आंबूस असा एक सूर असतो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी उठून भिंतीपाशी गेलो आणि अतिशय सुसंस्कृत भाषेत मामांना म्हणालो की, हे येथे वाळत घालणे आरोग्याच्या दृष्टीने बरे नाही. शेजारधर्म म्हणून आपण काही विचार करावा.

सुसंस्कृत भाषा हे एक मोठे हत्यार आहे. शिवी दिली असती तर मामांनी उलट शिवी दिली असती, आणि दुसऱ्या दिवशी कातडी पुन्हा भिंतीवर आली असती. ते एवढेच म्हणाले, “वास येत असंल तर काढून घेतो की, सर. त्यात काय येवढं.” आणि दोन्ही कातडी खांद्यावर टाकून ते पागेत गेले. त्यानंतर ती भिंतीवर दिसली नाहीत. मलाही त्यांची आठवण राहिली नाही.

येथे माझ्या वडिलांविषयी सांगणे प्राप्त आहे. हा भाग मी टाळणार होतो, परंतु त्यावाचून पुढच्या हकीकतीला अर्थ उरत नाही. माझे वडील याच शहरात टांगा हाकीत. रेल्वेस्थानकावर सकाळची गाडी आली की त्यांचा दिवस सुरू होई आणि रात्रीची गाडी गेली की संपे. टांग्याच्या घोड्याला स्वाराचे खोगीर नसते. दांड्यांचा भार पेलण्यासाठी पाठीवर एक लहानशी गादी असते. आमच्या घरी तिलाच खोगीर म्हणत. रात्री कितीही उशीर होवो, वडील घोडीची पाठ चोळून कोरडी केल्याशिवाय आणि ती गादी उलटी करून टांगल्याशिवाय जेवायला बसत नसत. सकाळी ती पत्र्यावर उन्हात पडे. आईने माझा शाळेचा गणवेश वेगळ्या पेटीत ठेवावा असा माझा हट्ट होता, तरीही तो वास त्याला लागे. वर्गातल्या मुलांनी नाके दाबलेली मला आठवतात. पुढे रिक्षा वाढल्या, टांग्यांचे थांबे ओस पडले, आणि १९८६ साली वडिलांनी घोडी व टांगा दोन्ही विकले. त्या पैशांतून माझे महाविद्यालयाचे पहिले शुल्क भरले गेले. महाविद्यालयात कोणी विचारले, तर वडिलांचा वाहतुकीचा व्यवसाय आहे असे मी सांगत असे. वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि खोटेही नव्हते.

चैत्र संपता संपता एका सकाळी निंबाखाली घोडी उघडीच उभी दिसली. लग्नसराईत एवढ्या उशिरापर्यंत ती घरी कशी, म्हणून मी भिंतीपाशी गेलो. तिच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही अंगांना, तळहाताएवढी कातडी सोलवटून निघाली होती. माश्या बसत होत्या आणि त्यांना हाकलण्यासाठी ती कातडी थरथरवीत होती. शेपटी तेथवर पोहोचत नव्हती. जनावरांचे डॉक्टर आलेले होते. त्यांनी जखम धुतली, मलम लावले, आणि कातडी भरून येईपर्यंत पाठीवर काहीही ठेवायचे नाही असे बजावले. मग खोगिराखालचे कातडे त्यांनी उचलून हातात घेतले. ते खाली बाजूने ओलसर होते आणि लोकरीच्या गुठळ्यांवर मिठाचा पांढरा खर चढला होता.

“हे उन्हात घालत नाही का तुम्ही?” त्यांनी विचारले.

“जागा न्हवती, साहेब,” मामा म्हणाले.

ते बोलताना मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

त्या ‘जागा न्हवती’चा अर्थ डॉक्टरांना कळणे शक्य नव्हते, मला मात्र तो पूर्ण कळला. ओलाव्याने कातडी मऊ पडते. मऊ पडलेल्या कातडीवर मिठाचा खडबडीत थर घासू लागला की आधी केस जातात, मग वरची त्वचा जाते, आणि वर नवरदेव बसलेलाच असतो. हे मला कोणत्याही पशुवैद्याने सांगण्याची गरज नव्हती. वडिलांच्या तोंडून मी ते शंभरदा ऐकले होते. शिवाय आणखी एक गोष्ट मला त्या क्षणी उमगली. भिंतीवरून जो वास मला आला होता तो उन्हाने लोकरीतून काढून लावलेला वास होता. तासाभरात तो विरून गेला असता. मी त्याला भिंतीवरून हाकलले आणि तो पुन्हा लोकरीत, आणि लोकरीतून घोडीच्या पाठीत गेला.

आमच्याकडे इतिहासाचे अध्यापन करणारे एक स्नेही आहेत. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली, ती पुढे औरंगाबाद झाली, येथपासून ते आरंभ करतात आणि दख्खनी घोडदळाच्या हालचाली नकाशावर काढून दाखवतात. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा, हा भेद त्यांच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. पण एवढ्या हजारो घोड्यांची खोगिरे कोणी वाळवली, हा प्रश्न त्यांच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मी पाहिला नाही. एका मुक्कामात पाठी सोलवटल्या असत्या तर दुसऱ्या मुक्कामाला ते घोडदळ पायदळ झाले असते. मोतद्दार नावाचा जो माणूस घोड्याला खरारा करी, दाणा देई, खोगीर झटके, त्याचे नाव कोणत्या बखरीत येणार?

पश्चात्ताप झालेला सुशिक्षित मनुष्य फार धोकादायक असतो. त्याला लगेच काही तरी करावयाचे असते. मी मामांना म्हणालो, “ही कातडी माझ्याकडे द्या, मी स्वच्छ धुऊन देतो.” मामा संकोचले, पण मी ऐकले नाही, एक कातडे भिंतीवरून ओढूनच घेतले. घरात आणल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठणला नाथसागराएवढा जलाशय असूनही या शहरातले नळ घरोघर दिवसांची अंतरे ठेवून येतात, हे येथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पत्नीने टाकीतले पाणी बोटांनी मोजल्यासारखे मोजले आणि मला तीन बादल्या मंजूर केल्या. “तीनच हं! आणि माझ्या यंत्राला हात लावू नका,” एवढे तिने वर बजावले.

मी माझ्या बुद्धीप्रमाणे काम शास्त्रशुद्ध करावयाचे ठरवले. मळ फार म्हणून पाणी कडक हवे. तेव्हा छतावरच्या सौर बंबातले, हात पोळेल असे पाणी घेतले. दुर्गंधी फार म्हणून कपड्यांची भुकटी दुप्पट घातली. आणि लोकरीत मुरलेले सगळे निघावे म्हणून कातडे संध्याकाळी टबात भिजत घालून निजलो. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार मी जन्मभर सरकारी कामांसाठी वापरीत आलो आहे. त्यात एक व्यावहारिक इशाराही आहे, हे मला त्या रात्री सुचले नाही. सकाळी पाणी शाईसारखे काळे झालेले पाहून मला कर्तव्यपूर्तीचा आनंद झाला. कातडे मी पिळले, खळबळले, पुन्हा पिळले, आणि गच्चीवर, वैशाखाच्या भर उन्हात पसरले.

चार वाजता वर गेलो तेव्हा त्याचा पापड झाला होता. हा अलंकार नव्हे. लांबीरुंदीत ते वीतभर आखडले होते, कडा वर वळल्या होत्या, आणि बोटाने वाजवले तर टकटक वाजत होते. लोकर म्हणावी तर तिचे घट्ट गोळे झाले होते. वास मात्र पुष्कळसा गेला होता, हे माझ्या बाजूने नमूद केले पाहिजे.

का झाले हे मी नंतर वाचून पाहिले, म्हणजे ज्या क्रमाने आम्ही लोक सर्व गोष्टी करतो त्याच क्रमाने. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यात ते उघडतात, आणि चोळले की एकमेकांत अडकून बसतात. नमदा तयार करताना हेच बुद्धिपुरस्सर करतात. कपड्यांच्या भुकटीत क्षार असतो आणि लोकर ही प्रथिनाची, म्हणजे जातीने आपल्या केसांचीच बहीण. तिला क्षार सोसत नाही. कातड्याची गोष्ट आणखी नाजूक. तुरटी आणि मीठ लावून कमावलेले कातडे पाण्यात फार वेळ पडले की तुरटी धुऊन जाते, आणि मग ते पुन्हा कच्चे चामडे होऊन बसते. क्रोमच्या मिठाने कमावलेले कातडे धुणे बरेच सोसते. मामांचे तसे नव्हते. त्यात कडक पाण्याने आणि उन्हाने उरलेसुरले मार्दव नाहीसे केले. तात्पर्य, ज्या ज्या गोष्टी करू नयेत त्या सर्व मी एका रात्रीत, अतिशय कष्टपूर्वक केल्या होत्या.

तो पापड घेऊन मी भिंतीपाशी उभा राहिलो. मामांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “असू द्या, सर. तुम्ही चांगल्यासाठीच केलं.” नव्या कातड्याचे पैसे मी पुढे केले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. एवढ्यात खाटेवर बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईने मला हाक मारली. ती माहेरची धनगराच्या घरातली; ऐंशीच्या पुढची असावी. तिने बोटाने कातडे टोकरले आणि माझ्याकडे पाहून हसली. “आरं बाबा, कातडं हाय त्ये, सदरा न्हाई. येवढी बुकं वाचली, कुणी सांगितलं न्हाई का?”

दुसरे कातडे तिने आपल्या देखरेखीखाली माझ्याकडूनच धुऊन घेतले. मला वाटते, तिने ती माझी शिक्षा म्हणून योजली असावी. तसे असेल तर शिक्षा सौम्य होती. प्रथम पाण्याचा थेंबही नको. कातडे दोरीवर टांगून मागच्या बाजूने वेताच्या छडीने झोडपायचे. केवढे तरी मीठ आणि धूळ नुसत्या झोडपण्याने खाली पडली. मग खराऱ्याने केस विंचरून काढायचे. रिठे आदल्या रात्रीच भिजवून ठेवले होते. त्यांचे पाणी कोमट करून, फेस काढून, तो फेस फक्त लोकरीला लावायचा. कातड्याच्या बाजूला होता होईतो पाणी लागू द्यायचे नाही. चोळायचे नाही, पिळायचे नाही. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा केसांच्या दिशेने हात फिरवायचा आणि दाबून पाणी काढायचे. मग साध्या पाण्याने दोनदा. शेवटच्या पाण्यात तिने आंबट ताकाची निवळी घालायला लावली. लोकरीला अंमळ आंबटपणाच मानवतो, हे मी पुस्तकात नंतर वाचले. लोकरीत जे मेण असते ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून पाणी त्याहून थंड हवे, हेही नंतरच वाचले. म्हातारीने पाण्यात कोपर बुडवून ते ठरवले होते.

खरी परीक्षा वाळवण्यात होती. जुन्या धोतरात गुंडाळून पाणी टिपल्यावर कातडे निंबाच्या सावलीत बाजेवर, वारा दोन्हीकडून लागेल असे पसरले. मला वाटले काम संपले. पण दर तासाने उठून ते चारी कडांनी हाताने ताणायचे होते, म्हणजे आतले तंतू एकमेकांना चिकटून ताठरत नाहीत. अर्धवट ओले असताना मागच्या बाजूला एरंडेलाचा हात फिरवायचा. असे दोन दिवस. मला उन्हाळ्याची सुटी होती, आणि त्या सुटीत एका इंग्रज निबंधकारावर व्याख्याने लिहावयाची होती. ती राहिली. मी दर तासाला भिंतीवरून पलीकडे जात होतो आणि म्हातारीपाशी बसून कातडे ताणीत होतो. तिने मला विचारले, “तुजा बाप काय करीत व्हता?” मी सांगितले, “टांगा हाकीत होता.” माझ्या आयुष्यात मी हे वाक्य कोणापाशी इतक्या सरळपणे प्रथमच उच्चारले. तिला त्यात नवल करण्याजोगे काही वाटले नाही. ती म्हणाली, “मग तुला ठावं असाया पायजे व्हतं.”

कातडे मऊ झाले. वास अगदी गेला असे मात्र नाही. नाक जवळ नेले की खोल कुठे तरी तो होताच. आणि म्हातारीच्या मते तो असावाच. लोकरीचा म्हणून एक वास असतो, घोडीचा म्हणून एक असतो. जायला हवा तो सडक्याचा. हे तीन वास वेगळे ओळखता येणे हीच या विद्येतली पदवी. मी अजून पहिल्या वर्गात आहे.

घोडीची पाठ भरून यायला पाच आठवडे लागले. तोवर वैशाख सरला, जेष्ठातल्या तिथीही जवळजवळ संपल्या, आणि आषाढी एकादशीनंतर लग्नांची घोडी कोण विचारतो? मामांचे वर्षाचे उत्पन्न त्या दोनअडीच महिन्यांतले. ते त्या वर्षी बहुतेक बुडाले. त्यांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीची राखण धरली. आता सकाळी येऊन घोडीला दाणा घालतात आणि दुपारी झोपतात. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी, ज्यांच्यासाठी हे सारे घडले, वासाशी संबंध नसलेल्या कारणांनी पुढे गेलीच नाहीत. नवे कातडे मी माळेगावच्या यात्रेतून आणून देईन असे मामांना सांगितले आहे. ते नको म्हणत नाहीत, होयही म्हणत नाहीत.

सध्या श्रावण चालू आहे. ऊन दिवसातून घटकाभर पडते आणि भिंत सदा ओली. लग्ने नाहीत तरी घोडीला रोज फिरवून आणावेच लागते, आणि भुरभुर पावसात कातडे पुन्हा पुन्हा भिजते. मामा आता रात्रपाळीला जातात, म्हणून ते माझ्या पडवीत, छताच्या पंख्याखाली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरण्याची व्यवस्था केली आहे. पत्नीने आरंभी दोन दिवस बोलणे सोडले. तिसऱ्या दिवशी कातड्याची खालची कड फरशीला लागत होती ती तिनेच वर खोचली.

परवा रविवारी आमचे एक निवृत्त प्राचार्य भेटीस आले. पडवीत बसले, चष्मा पुसला, आणि थोड्या वेळाने इकडेतिकडे पाहत, अतिशय सुसंस्कृत भाषेत, त्यांनी मला विचारले की, पावसाळ्यामुळे घरात कोठे काही ओल वगैरे आली आहे काय. मी म्हणालो, “नाही. ते खोगीर आहे. वाळायला अजून तासभर लागेल.” आणि पंखा एका टिपणाने वाढवून त्यांच्यासाठी चहा सांगायला आत गेलो.